काळ्या मातीत चारही चाकांना बळ देणारे कैलासचंद्र महिंद्रा

जालना : मृगाचा पहिला दमदार पाऊस झाला, की अंबड-घनसावंगी भागातील काळ्या मातीच्या पाणंदवाटा वाहनांची परीक्षा पाहू लागतात. चिकट चिखल टायरच्या खाचांत भरतो, चाक गुळगुळीत होते आणि मागची दोन चाके जागच्या जागी गरगरू लागतात. गाडीत दवाखान्यात न्यायचा रुग्ण असेल, तर एकेक मिनिट मोलाचे ठरते. अशा वेळी गिअरशेजारचा दुसरा दांडा ओढून पुढच्या चाकांनाही बळ देता येते. ही सोय भारताच्या ग्रामीण रस्त्यांवर आणण्याचे मोठे श्रेय कैलासचंद्र महिंद्रा यांच्याकडे जाते. महिंद्रा हे नाव आज घरोघरी परिचित असले, तरी या नावामागचा माणूस मात्र विस्मृतीत गेला आहे.

के. सी. महिंद्रा यांचा जन्म १८९४ मध्ये पंजाबातील लुधियाना येथे झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपले आणि थोरले बंधू जगदीशचंद्र यांच्यावर कुटुंबाची जबाबदारी आली. भावंडांच्या शिक्षणाबाबत आग्रही असलेल्या जगदीशचंद्रांनी धाकट्या भावाला केंब्रिजपर्यंत पाठविले. मायदेशी परतल्यावर के. सी. कोलकात्याच्या मार्टिन कंपनीत रुजू झाले. ख्यातनाम उद्योजक सर राजेंद्रनाथ मुखर्जी यांचा सहवास त्यांना तेथेच लाभला. पुढे मुखर्जींचे चरित्रही त्यांनी लिहिले. जगदीशचंद्र मात्र टाटांच्या पोलाद कंपनीत विक्री विभाग सांभाळत होते.

दुसऱ्या महायुद्धाने दोघा भावांच्या आयुष्याला वळण दिले. जगदीशचंद्र सरकारचे पोलाद नियंत्रक झाले, तर के. सी. १९४२ मध्ये भारताच्या खरेदी मंडळाचे काम पाहण्यासाठी अमेरिकेला गेले. तेथे त्यांची गाठ विलीज कंपनीचे अभियंते बार्नी रूस यांच्याशी पडली. जीपच्या जडणघडणीत रूस यांचा मोठा वाटा होता. साठ अश्वशक्तीचे इंजिन आणि चारही चाकांना बळ देण्याची सोय असलेले हे हलके वाहन तेव्हा वाळवंटापासून दलदलीपर्यंत सर्वत्र धावत होते. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड यांनी मिळून सहा लाखांहून अधिक जीप बांधल्या. के. सी. महिंद्रांना या वाहनात रणगाड्याचा सोबती नव्हे, तर भारतातील कच्च्या रस्त्यांचे उत्तर दिसले.

२ ऑक्टोबर १९४५ रोजी महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी महिंद्रा अँड मोहम्मद ही कंपनी स्थापन केली. तिचा मूळ व्यवसाय पोलादाच्या व्यापाराचा. लोखंडी सळयांमुळे देशभर ओळखल्या जाणाऱ्या आजच्या जालन्याला हा योगायोग निश्चितच आपलासा वाटेल. मात्र दोनच वर्षांत फाळणी झाली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्रा अँड महिंद्रा असे बदलण्यात आले. भागीदार गेलेला, देश अस्थिर, अशा काळात बंधूंनी जीपचा निर्णय पुढे रेटला. मुंबईत माझगाव येथे अमेरिकेतून आलेल्या सुट्या भागांची जुळणी सुरू झाली. १९५१ मध्ये जगदीशचंद्रांचे निधन झाल्यावर हा भार के. सी. यांच्या खांद्यावर आला.

जालना तेव्हा हैदराबाद राज्यात होते. पुढे १९५६ मध्ये मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, १९६० मध्ये महाराष्ट्र झाला आणि १९८१ मध्ये जालना हा स्वतंत्र जिल्हा बनला. या साऱ्या काळात खेड्यात सरकार पोहोचले ते बहुधा जीपमधूनच. त्यामुळेच जीप आली, म्हणजे साहेब आले, असे समीकरण गावोगावी रूढ झाले.

या जीपचे मर्म तिच्या दांड्यांत होते. एका दांड्याने पुढचा आस जोडता येई आणि दुसऱ्याने नेहमीची किंवा संथ गती निवडता येई. कोरड्या डांबरी रस्त्यावर केवळ मागची चाके पुरेशी असतात. चिखल किंवा वाळू लागली, की चारही चाके जोडायची. गाडी रुतली किंवा तीव्र चढ-उतार आला, तर संथ गती घ्यायची. तिच्यामुळे वेग घटतो, पण चाकांना मिळणारी ताकद सुमारे अडीच पटींनी वाढते. उतारावर तर इंजिनच गाडी आवरून धरते. विशेष म्हणजे पुढचा आस जोडल्याशिवाय संथ गती पडणारच नाही, अशी योजना त्यात होती, जेणेकरून सारा ताण एकट्या मागच्या आसावर येऊ नये.

मात्र याच सोयीचा अविवेकी वापर गाडीच्या मुळावर येतो. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा अधिक अंतर कापतात. चिखलात ही तफावत चाके घसरून भरून निघते, परंतु कोरड्या पक्क्या रस्त्यावर तसे होत नाही. मग स्टिअरिंग जड होते, टायर झिजतात आणि दात्यांवर ताण येतो. म्हणूनच चिखल संपला, की दांडा परत दोन चाकांवर आणणे अत्यावश्यक असते. शिवाय चारही चाके फिरली, तरी ब्रेक लागण्याचे अंतर कमी होत नाही, हेही विसरता कामा नये.

के. सी. महिंद्रा केवळ वाहनांत रमले नाहीत. देशातील कोळसा क्षेत्राचा अभ्यास करणाऱ्या समितीचे ते अध्यक्ष होते. १९५३ मध्ये त्यांच्या नावाने शिक्षण न्यास सुरू झाला. भावाच्या आग्रहामुळे शिकलेल्या या माणसाच्या नावाचा हा न्यास आजही विद्यार्थ्यांना साह्य करतो. १९६३ मध्ये त्यांचे निधन झाले आणि जगदीशचंद्रांचे पुत्र केशब महिंद्रा कंपनीचे अध्यक्ष झाले.

आज जालन्याच्या रस्त्यांवर एसयूव्हींची वर्दळ वाढली आहे. त्यांतील अनेक गाड्या दिसायला दणकट असल्या, तरी बळ मिळते ते दोनच चाकांना. ज्यांत चारही चाकांची सोय आहे, त्यांत काही ठिकाणी दांड्याची जागा बटणाने घेतली आहे. नियम मात्र बहुतांश तेच राहिले आहेत. पाऊस सुरू होण्यापूर्वी आपल्या गाडीचे माहितीपुस्तक उघडून ते समजून घेणे हिताचे. काळी माती रुतल्यावर शिकायला सवड देत नाही.