विश्लेषण : एका अभियंत्याच्या भरवशावर उभे राहिलेले धरण कोसळले आणि कायदा बदलला… कोण होते विल्यम मलहॉलंड?

अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराला पाणी देणारा माणूस म्हणून विल्यम मलहॉलंड यांचे नाव आजही घेतले जाते. शहरातील प्रसिद्ध ‘मलहॉलंड ड्राइव्ह’ हा रस्ता त्यांच्याच नावाचा. मात्र याच अभियंत्याने बांधलेले एक धरण १९२८ मध्ये फुटले आणि किमान ४३१ जणांचा बळी गेला. मोठ्या बांधकामांवर देखरेख कोणी करायची, हा प्रश्न या दुर्घटनेनंतर कायमचा बदलला.

पाटकरी ते मुख्य अभियंता

मलहॉलंड यांचा जन्म ११ सप्टेंबर १८५५ रोजी आयर्लंडमधील बेलफास्टचा. बालपण डब्लिनमध्ये गेले. किशोरवयातच घर सोडून ते जहाजावर खलाशी झाले आणि १८७४ मध्ये न्यूयॉर्कला उतरले. १८७७ मध्ये ते लॉस एंजेलिसला पोहोचले, तेव्हा ते जेमतेम नऊ हजार वस्तीचे गाव होते. तेथील खासगी पाणी कंपनीत त्यांना काम मिळाले ते पाट साफ ठेवण्याचे, म्हणजे आपल्याकडच्या पाटकऱ्याचे.

त्यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. दिवसा काम आणि रात्री गणित, भूगर्भशास्त्र, जलशास्त्राची पुस्तके, असा त्यांचा अभ्यास चाले. १८८६ मध्ये ते कंपनीचे अधीक्षक झाले. १९०२ मध्ये शहराने पाणीपुरवठा ताब्यात घेतला आणि त्याची सूत्रेही त्यांच्याकडेच आली.

३७५ किलोमीटरचा कालवा

वाढत्या शहराला स्थानिक नदीचे पाणी पुरेना. मलहॉलंड यांनी ओवेन्स खोऱ्यातून सुमारे ३७५ किलोमीटर लांबीचा जलमार्ग आखला. कोठेही पंप न लावता केवळ उताराच्या जोरावर पाणी डोंगर आणि वाळवंट ओलांडून शहरात आले. ५ नोव्हेंबर १९१३ रोजी तो सुरू झाला. १९३० च्या जनगणनेत लॉस एंजेलिसची लोकसंख्या बारा लाखांवर गेली होती. ही वाढ या पाण्याशिवाय शक्य नव्हती.

त्याची दुसरी बाजूही होती. ओवेन्स खोऱ्यातील शेती पाण्याविना सुकली. संतप्त शेतकऱ्यांनी १९२४ पासून अनेकदा हा जलमार्ग सुरुंगाने उडवला. शहरात मात्र मलहॉलंड यांचा शब्द अंतिम मानला जाऊ लागला होता.

धरणात काय चुकले?

जलमार्ग बंद पडला तरी शहराला पाणी मिळावे, यासाठी सान फ्रान्सिस्कितो दरीत सेंट फ्रान्सिस धरण बांधायचे ठरले. काम १९२४ मध्ये सुरू झाले, १९२६ मध्ये संपले. क्षमता सुमारे १.६५ टीएमसी, म्हणजे पुण्याच्या खडकवासला धरणापेक्षा थोडी कमी.

बांधकाम सुरू असताना धरणाची उंची दोनदा, प्रत्येक वेळी दहा फुटांनी वाढवण्यात आली. त्या प्रमाणात पायाची रुंदी मात्र वाढवली नाही. काँक्रीटचे असे धरण स्वतःच्या वजनावर उभे असते. उंची वाढली की पाण्याचा दाब वाढतो. शिवाय तळाखाली झिरपलेले पाणी धरणाला वर उचलू पाहते. हे पाणी काढून देण्याची सोय फक्त मधल्या भागाखाली होती. एका बाजूचा खडक पाण्यात मऊ पडणारा होता, तर दुसरी बाजू फार जुन्या दरडीवर टेकलेली होती, हे अनेक दशकांनंतरच्या अभ्यासातून स्पष्ट झाले.

मग हे कोणी तपासले का नाही? कॅलिफोर्नियात १९१७ पासून राज्याच्या अभियंत्याला धरणे तपासण्याचा अधिकार होता. पण स्वतःचा अभियांत्रिकी विभाग असलेल्या शहरांना त्यातून सूट होती. त्यामुळे आराखडा, त्यातील बदल आणि तपासणी हे सारे मलहॉलंड यांच्याच विभागात राहिले.

१२ मार्च १९२८

त्या दिवशी सकाळी धरणाच्या रखवालदाराला नवी गळती दिसली. पाणी गढूळ वाटत होते. गढूळ पाणी म्हणजे पायातील माती वाहून जात असल्याची खूण. मलहॉलंड आणि त्यांचे सहायक तेथे आले, पाहणी केली आणि धरण सुरक्षित असल्याचा निर्वाळा देऊन परतले.

सुमारे बारा तासांनी, मध्यरात्रीला तीन मिनिटे कमी असताना धरण फुटले. पाण्याचा लोंढा सांता क्लारा नदीच्या खोऱ्यातून सुमारे ८७ किलोमीटर धावत पहाटे समुद्राला मिळाला. वीज कंपनीच्या छावणीत झोपलेले ८० हून अधिक कामगार, मेक्सिकन शेतमजुरांची कुटुंबे आणि तो रखवालदारही त्यात गेला.

चौकशीत मलहॉलंड यांनी दोष इतर कोणावरही ढकलला नाही, तो स्वतःकडे घेतला. खडकातील दोष त्यांना माहीत असल्याचे दिसले नाही, म्हणून फौजदारी कारवाई झाली नाही. मात्र एवढ्या मोठ्या धरणाचा निर्णय कधीही एकाच माणसावर सोडू नये, असा निष्कर्ष निघाला. त्याच वर्षाअखेर ते पायउतार झाले. २२ जुलै १९३५ रोजी त्यांचे निधन झाले.

कायद्यात काय बदलले?

१९२९ मध्ये कॅलिफोर्नियाने धरण सुरक्षा कायदा केला. शहरांची सूट संपली. केंद्र सरकारची धरणे वगळता राज्यातील मोठ्या धरणांचा आराखडा, बांधकाम आणि वापर यांवर राज्याची देखरेख आली. त्याच वर्षी स्थापत्य अभियंत्यांची नोंदणीही सक्तीची झाली. मलहॉलंड यांनीच बांधलेल्या हॉलिवूडजवळच्या धरणाला पुढे १९३३-३४ मध्ये मातीचा भराव घालून आधार देण्यात आला.

आपल्याकडे काय स्थिती?

१२ जुलै १९६१ रोजी पानशेत फुटले आणि पाठोपाठ खडकवासलाही. २ जुलै २०१९ च्या रात्री रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे धरण फुटले. गळतीच्या तक्रारी ग्रामस्थांनी आधीच केल्या होत्या, हे नंतर समोर आले.

देशात धरण सुरक्षा कायदा आला तो २०२१ मध्ये. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर तपासणी, आपत्कालीन कृती आराखडा आणि स्वतंत्र तज्ज्ञांकडून सुरक्षेचे मूल्यमापन त्यात बंधनकारक आहे. यातील ‘स्वतंत्र’ हा शब्द सर्वांत महत्त्वाचा. मलहॉलंड अप्रामाणिक नव्हते, कामचुकारही नव्हते. त्यांचा हिशेब दुसऱ्या कोणी तपासायचा, अशी व्यवस्थाच नव्हती. तपासणी केवळ भ्रष्ट ठेकेदारांसाठी नसते. ती उत्तम आणि अनुभवी अभियंत्याच्या कामाचीही व्हावी लागते, कारण धरणाखाली राहणाऱ्यांना त्या अभियंत्याच्या कीर्तीचा काहीच उपयोग नसतो.