आर्मस्ट्राँगकडे पेटंटपुरते पैसे नव्हते, तेव्हा…

हॅम रेडिओवर बोलायला परवाना लागतो. मला आधी नुसतं ऐकायचं होतं, तेही फुकटात! म्हणून बिघडलेल्या रेडिओचे सुटे भाग काढून एका ट्रान्झिस्टरचा रिसीव्हर जोडला. एवढ्याशा सर्किटमध्ये लांबची स्टेशनं लागतात कशी, हे शोधताना मला एडविन आर्मस्ट्राँग सापडला.

जन्म १८९०, न्यूयॉर्क. शाळकरी वयात रेडिओचं वेड. याँकर्सच्या घरामागे पठ्ठ्याने सुमारे १२५ फुटी ॲन्टेनाचा खांब स्वतः उभारला. १९१२ मध्ये, कोलंबिया विद्यापीठात शिकताना, त्याने व्हॅक्यूम ट्यूबमधून बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग पुन्हा तिच्यातच सोडला. सिग्नल फिरून फिरून वाढत गेला. माझा रिसीव्हर याच युक्तीवर चालतो. प्रमाण जरा जास्त झालं की शिट्टी मारतो.

पेटंटला पैसे हवे होते. वडील म्हणाले, आधी पदवी घे. मग त्याने ३१ जानेवारी १९१३ ला सर्किटचं चित्र नोटरीकडून साक्षांकित करून घेतलं. खर्च २५ सेंट. पेटंटचा अर्ज गेला ऑक्टोबरमध्ये. पुढे ली डी फॉरेस्टनेही याच शोधावर हक्क सांगितला. खटला वर्षानुवर्षं चालला आणि १९३४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डी फॉरेस्टच्या बाजूने निकाल दिला. मला तो अजून पटत नाही, कारण ते सर्किट नेमकं कसं चालतं हे पहिल्यांदा नीट उलगडलं आर्मस्ट्राँगनेच.

तोपर्यंत त्याने एफएमही शोधलं होतं. हो, इअरफोन लावून आपण मोबाइलवर ऐकतो तेच. त्याच्या पेटंटवरूनही कोर्टकचेरी झाली. १९५४ मध्ये तो गेला तेव्हा ते खटले चालूच होते. पुढे त्याची पत्नी मॅरियन लढली, आणि जिंकली.