पुन्हा पहिल्या धड्यापासून

मुलाला तबला किंवा पेटी शिकायला कधी बसवावे, हा प्रश्न घरोघरी पडतो. पाचव्या वर्षी बसवले तर फार लहान, दहावीनंतर म्हणावे तर अभ्यास आडवा येतो. चाळिशी उलटलेल्यांच्या मनात वेगळाच प्रश्न असतो. आता उशीर झाला का? या दोन्ही प्रश्नांशी ज्यांचे सारे आयुष्य जोडलेले आहे, ते मैहरचे ‘बाबा’ म्हणजे उस्ताद अल्लाउद्दीन खाँ. गंमत अशी, की त्यांचे जन्मसाल कोणी 1862 सांगतात, तर कोणी 1881. त्यामुळे सरोद त्यांनी नेमके कितव्या वर्षी हाती घेतले, याचा हिशेब जुळत नाही. मात्र तोपर्यंत ते वाद्ये वाजवून पोट भरणारे जाणते कलावंत झाले होते, एवढे नक्की.

शिबपूर हे त्यांचे गाव पूर्व बंगालात, आजच्या बांगलादेशात येते. वडील सतार वाजवत. थोरले भाऊ आफताबुद्दीन यांच्याकडून सुरांची पहिली ओळख झाली. शाळा चुकवून गावच्या शिवमंदिरात साधूंचे गाणे-बजावणे ऐकत बसणारा हा मुलगा घरच्यांच्या धाकाला बधला नाही. अजाण वयातच तो घरातून पळाला आणि पुढे कोलकात्याला पोहोचला. अन्नछत्रात जेवायचे, मिळेल तिथे झोपायचे आणि गुरू शोधत फिरायचे, असे त्याचे दिवस गेले.

गुरू मिळाले ते गोपालकृष्ण भट्टाचार्य, म्हणजे ‘नूलो गोपाल’. त्यांची अट सोपी नव्हती. बारा वर्षे फक्त सरगम घोटायची, त्यानंतर पुढचे. मुलाने अट मान्य केली आणि पाळलीही. पण सुमारे सात वर्षे होतात न होतात तोच प्लेगने गुरूंना नेले. बारा वर्षांची तालीम अर्ध्यावर तुटली. इतक्या लवकर सुरुवात करूनही गाण्याची वाट अशी मधेच बंद झाली.

मग ते वाद्यांकडे वळले. स्वामी विवेकानंदांचे नातेवाईक अमृतलाल दत्त यांच्याकडे त्यांनी अनेक वाद्यांचे धडे घेतले. लोबो नावाच्या गोमंतकीय बँडमास्तरांकडून पाश्चात्त्य पद्धतीचे व्हायोलिन शिकले. क्लॅरिनेट, सनई, पखवाज अशी एकेक वाद्ये हाताखाली आली. नाटक कंपनीच्या वाद्यवृंदात काम मिळाले, चार पैसे येऊ लागले. आपल्याला सगळे येते, असे वाटण्याचे ते वय होते आणि तसे त्यांना वाटतही होते.

त्याच तोऱ्यात ते मुक्तागाछाचे जमीनदार जगतकिशोर आचार्य यांच्या दरबारात गेले. तिथे अहमद अली खाँ यांचे सरोद कानी पडले आणि आजवर जमवलेली सगळी विद्या त्यांना फिकी वाटू लागली. दरबारात आपली करामत दाखवायला आलेला माणूस उस्तादांच्या पायाशी बसला. अनेक वाद्यांवर हात बसलेल्या वादकाने पुन्हा पहिल्या धड्यापासून सुरुवात करायची, हे लहान मुलाच्या सुरुवातीपेक्षा कठीण असते. मुलाला गमवायचे काहीच नसते. मोठ्या माणसाला आधी आपले मोठेपण खाली ठेवावे लागते. अल्लाउद्दीन खाँ यांनी ते ठेवले. उस्तादांची सेवा केली, घरातली कामे केली, साथीला तबला वाजवला आणि तालीम घेतली.

पुढचा टप्पा रामपूरचा. तानसेनाच्या परंपरेतले बीनकार वजीर खाँ तिथल्या दरबारात होते. त्यांच्यापर्यंत पोहोचणेही अवघड होते. शेवटी नवाब हामिद अली खाँ यांच्या गाडीपुढे अल्लाउद्दीन खाँ आडवे झाले, तेव्हा कुठे नवाबांच्या मध्यस्थीने शागिर्दी मिळाली. पण गंडा बांधला म्हणजे शिकवणी सुरू झाली, असे नव्हते. दोन-अडीच वर्षे उस्तादांनी काहीच शिकवले नाही. शागिर्द मात्र रोज दारात हजर.

या सब्रची किंमत एकट्या त्यांनी मोजली नाही. तरुणपणी घरच्यांनी लग्न लावून दिले होते आणि नवरा संगीतासाठी पुन्हा निघून गेला होता. पत्नी मदनमंजरी गावी वर्षानुवर्षे वाट पाहत राहिल्या. त्यांची हालत कळवणारी तार रामपूरला आली, तिचा मजकूर वजीर खाँ यांच्या कानी गेला आणि त्यानंतरच खरी तालीम सुरू झाली, असे सांगतात. बाबांच्या थोरवीची कहाणी सांगताना या बाईंच्या वाट पाहण्याला वगळता येत नाही. पुढे मैहरला संसार थाटला, तेव्हा घराला ‘मदिना भवन’ हे नाव त्यांच्याच नावावरून मिळाले.

वजीर खाँ यांच्या घराण्यात बीन फक्त घरच्यांनाच शिकवायची रीत होती. ती विद्या अल्लाउद्दीन खाँ यांना मिळाली, पण वाजवायची होती सरोदवर. म्हणजे काळ त्यांच्या हाती नव्हता आणि वाद्याची निवडही पुरती नव्हती. हाती होती फक्त नियत. रोजाही भुकेने सुरू होत नाही, नियतने सुरू होतो. आणि ती रोज नव्याने करावी लागते.

1918 मध्ये महाराज बृजनाथसिंह यांनी त्यांना मैहरला बोलावले. मुंबईहून जबलपूरमार्गे सतन्याकडे जाणाऱ्या रेल्वेवरचे हे छोटे संस्थान. त्या सुमारास साथीच्या रोगाने अनेक मुले पोरकी झाली होती. बाबांनी ती गोळा केली आणि त्यांच्या हाती वाद्ये दिली. घराणे कोणते, वय काय, हे त्यांनी पाहिले नाही. बंदुकीच्या नळ्या कापून ‘नलतरंग’ हे नवे वाद्य घडवले. या मुलांतून उभा राहिलेला ‘मैहर बँड’ पुढे देशभर नावाजला गेला.

स्वतः शिकवताना सुरुवातीच्या वयाचा एकच नियम त्यांनी सगळ्यांना लावला नाही. मुलगा अली अकबर याला तीन वर्षांचा असतानाच गाण्यापासून तालीम दिली. ती शिस्त इतकी कडक होती, की पुढे मुलगाही एकदा बापासारखाच घर सोडून गेला. रविशंकर 1938 मध्ये आले ते अठराव्या वर्षी, युरोपातल्या रंगमंचाची झगमग मागे टाकून. पन्नालाल घोष आले तेव्हा बासरीवादक म्हणून त्यांचे नाव झालेले होते.

मुलगी अन्नपूर्णा हिला मात्र शिकवायचे नाही, असे बाबांनी ठरवले होते. थोरल्या मुलीला संगीतापायी सासरी त्रास झाला, हे त्यांनी पाहिले होते. एके दिवशी भाऊ चुकला तेव्हा अन्नपूर्णाने तो सूर बरोबर गाऊन दाखवला. बाबांनी तो ऐकला आणि आपला निर्णय बदलला. याच अन्नपूर्णादेवींनी नंतर मुंबईत घरी बसून शिष्य घडवले. हरिप्रसाद चौरसिया त्यांच्याकडे गेले तेव्हा ते नामांकित वादक होते. शून्यापासून शिकण्यासाठी त्यांनी बासरी धरण्याची बाजूसुद्धा बदलली. बाबांनी मुक्तागाछात केले, तेच मुंबईत पुन्हा घडले.

पाच वेळची नमाज पढणारे बाबा मैहरच्या शारदामाईच्या डोंगरालाही मान देत. 1958 मध्ये पद्मभूषण आणि 1971 मध्ये पद्मविभूषण मिळाले. 6 सप्टेंबर 1972 रोजी मैहरलाच त्यांचे निधन झाले. तोवर तीन वर्षांच्या पोरापासून नावाजलेल्या वादकापर्यंत कितीतरी जण त्यांच्यासमोर पहिला धडा घ्यायला बसून गेले होते. वाद्य शिकायचे मनात आले, की आपण आधी वय मोजतो. बाबांच्या दारात मात्र आलेला माणूस उद्या पहाटे पुन्हा येणार का, एवढेच पाहिले जाई.