पृथ्वीचे पोट वाचणारे ओल्डहॅम

आपल्या चंद्रपूरचा कोळसा ज्या खडकांत सापडतो, त्यांना भूशास्त्रात ‘गोंडवन’ म्हणतात. गोंडांच्या मुलखावरून हे नाव भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यातल्या अधिकाऱ्यांनी दिले. त्याच खात्यात १८७९ साली रिचर्ड डिक्सन ओल्डहॅम रुजू झाले. खाणीत माणूस उतरतो तो काहीशे फूट. ओल्डहॅम यांची नजर हजारो किलोमीटर खोल पोहोचली.

त्यांचा जन्म ३१ जुलै १८५८ रोजी डब्लिन येथे झाला. वडील थॉमस हे याच खात्याचे प्रमुख होते. भारतातील भूकंपांची यादी त्यांनी करावयास घेतली होती. पण १८७८ मध्ये ते वारले. मुलाने ते काम पुरे करून १८८३ मध्ये प्रसिद्ध केले.

१२ जून १८९७ रोजी आसामात महाभयंकर भूकंप झाला. सुमारे दीड हजार माणसे दगावली. शिलाँगच्या पठारावर मोठमोठे धोंडे जमिनीतून उसळून बाहेर पडले. ओल्डहॅम यांनी या भूकंपाची कसून पाहणी केली. त्याच्या नोंदी दूर युरोपातील यंत्रांवरही उमटल्या होत्या. त्या पडताळताना त्यांना तीन लाटा ओळखू आल्या : आधी दाबाची, मागून आडवी हलविणारी आणि शेवटी पृष्ठभागावरून जाणारी.

१९०३ मध्ये ते निवृत्त झाले, तरी अभ्यास सुटला नाही. पृथ्वीच्या पलीकडच्या बाजूस लाटा अपेक्षेपेक्षा उशिरा पोहोचतात, यावरून पृथ्वीच्या पोटात वेगळ्या द्रव्याचा गाभा आहे, असे त्यांनी १९०६ मध्ये दाखविले. १५ जुलै १९३६ रोजी वेल्समध्ये त्यांचे निधन झाले.

आज याच लाटांनी अंदमानच्या समुद्राचा तळ तपासतात. बेटांच्या कमानीमागे तिथे तळ फाटून रुंदावतो आहे. कवच पातळ आहे आणि खालचे प्रावरण तापलेले असल्याने लाटा मंदावतात.

एवढे कळूनही भूकंप कोणत्या दिवशी होईल, हे सांगता येत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात दगडमातीच्या घरांखाली हजारो माणसे झोपेतच गाडली गेली. ओल्डहॅम यांना वडिलांचे अपुरे काम वारशाने मिळाले. ज्यांच्या घरातून कॉलेजात येणारा पहिलाच, अशा आमच्यासारख्यांना तो वारसा घरी नाही. पण ओल्डहॅम यांचे अपुरे राहिलेले काम आम्हा सर्वांपुढे आहे.