हेबर आणि आमची युरियाची गोणी

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा कच्चं आहे, सांभाळून घ्या. फर्स्ट इयरला फ्रिट्झ हेबर हे नाव मी मार्कांसाठी पाठ केलं होतं. माणूस मात्र माहीत नव्हता. राहुरीला आमच्या उसात दरवर्षी त्याच्याच शोधातली वस्तू पडते, हे तर डोक्यातही आलं नव्हतं.

हेबरचा जन्म १८६८ साली ब्रेस्लाऊला, ज्यू घरात. आई बाळंतपणानंतर लगेच गेली. हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो, पण पिकाला तो थेट घेता येत नाही. युरोप तेव्हा चिलीहून जहाजं भरभरून सोरा आणायचा. १९०९ मध्ये हेबरने कार्ल्सरूहच्या लॅबमध्ये प्रचंड दाब आणि उष्णता देऊन हवेतला नायट्रोजन हायड्रोजनशी जोडला आणि थेंब थेंब अमोनिया पडू लागला. कार्ल बॉशने १९१३ मध्ये त्याचा कारखाना उभा केला. (केमिकलवाल्यांनी बॉशला विसरू नये!)

पुढचं वाचताना मला त्रास झाला. याच माणसाने १९१५ मध्ये ईप्रच्या आघाडीवर क्लोरीन सोडवला. थोड्याच दिवसांत त्याच्या बायकोने, क्लाराने, त्याच्याच पिस्तुलाने जीव दिला. तीही केमिस्ट्रीतली डॉक्टरेट होती. तो लगेच परत आघाडीवर गेला. तरी १९१८ चं नोबेल त्यालाच मिळालं.

युद्धानंतर जर्मनीवर दंडाचं ओझं आलं. ते फेडायला साहेब समुद्राच्या पाण्यातून सोनं काढायला निघाले! जहाजावर लॅब थाटली, नमुने तपासले, पण सोनं इतकं कमी निघालं की नाद सोडावा लागला. १९३३ मध्ये ज्यू सहकाऱ्यांना काढायची वेळ आली तेव्हा त्याने पद सोडलं, देशही सोडला. जानेवारी १९३४ मध्ये बासेलला तो वारला.

समुद्रात सोनं सापडलं नाही, त्याचा नायट्रोजन मात्र तिथे पोचला. ब्रेस्लाऊ, म्हणजे आजचं पोलंडमधलं व्रोत्स्वाफ, ओडर नदीवर आहे आणि ओडर बाल्टिक समुद्राला मिळते. बाल्टिकला बाहेर पडायला डेन्मार्कजवळच्या अरुंद वाटा. सगळं पाणी बदलायला काही दशकं लागतात. शेतातून वाहून आलेलं नायट्रेट, फॉस्फेट तिथेच साठतं. शेवाळ माजतं, मरतं, तळाशी कुजतं, त्यात ऑक्सिजन संपतो आणि तळाला मासा जगत नाही.

आमच्या ४५ किलोच्या गोणीत जवळजवळ २१ किलो नायट्रोजन असतो. त्यातला बराचसा उसाला लागूच पडत नाही. काही हवेत जातो, काही विहिरीत, काही नदीत. मुळेचं पाणी प्रवरेत, प्रवरेचं प्रवरासंगमला गोदावरीत आणि पुढे नाथसागर. तेही अडलेलंच पाणी की!

आजोबांना हे सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे विचारलं की युरिया नसता तर तुझी फी कशातून भरली असती? मला उत्तर सुचलं नाही. तरी यंदा एकरी एक गोणी कमी, आणि एकदम न टाकता हप्त्याहप्त्याने द्यायचं ठरलंय. एकरी किती टन पडतो ते तोड आली की कळेल.