विद्येचे वकीलपत्र : न्यायमूर्ती केशवराव कोरटकर

हैदराबाद शहरात कोठीपासून थोड्याच अंतरावर जांबाग नावाची वस्ती आहे. तेथे विवेक वर्धिनी या शिक्षणसंस्थेच्या इमारती आहेत. शंभर वर्षांहून अधिक काळ या संस्थेने या शहरातील मुलामुलींना शिकविण्याचे व्रत चालविले आहे. आपण ज्या बाकावर बसतो तो बाक कोणी दिला, ज्या छपराखाली शिकतो ते छप्पर कोणाच्या वर्गणीतून उभे राहिले, याचा विचार विद्यार्थिदशेत सहसा कोणाच्या मनात येत नाही. आमच्याही मनात तो कधी आला नव्हता. परंतु विचार करू लागल्यावर ज्या पुरुषाचे नाव प्रथम समोर येते, ते न्यायमूर्ती केशवराव कोरटकर यांचे होय. त्यांच्या जीवनाचा अल्प परिचय वाचकांस करून द्यावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

आज तरुणांना विद्या, कला व धंदेशिक्षण देऊन स्वतःच्या पायावर उभे करणाऱ्या सेवाभावी संस्था या शहरात पुष्कळ आहेत. अशी संस्था काढणाऱ्याचे आज कौतुकच होते. केशवरावांच्या काळी स्थिती निराळी होती. ती ध्यानात घेतल्यावाचून त्यांच्या कार्याचे मोल कळणार नाही.

त्या वेळचे निजामाचे हैदराबाद संस्थान सुमारे ८२,००० चौरस मैलांचे होते. तेलंगण, मराठवाडा आणि कानडी मुलूख असे त्याचे तीन भाग होते. प्रजेपैकी जवळजवळ निम्मे लोक तेलुगू बोलत आणि सुमारे एक चतुर्थांश लोक मराठी बोलत. परंतु दरबारची भाषा प्रथम फार्सी होती, आणि इ. स. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूने घेतली. कचेरीतील अर्ज, न्यायालयातील दावा, सरकारी नोकरी या साऱ्यांची किल्ली उर्दूत होती. मराठवाड्यातील एखाद्या खेड्यात मुलगा पंतोजींपुढे बसून धुळपाटीवर अक्षरे गिरवी, पाढे पाठ करी, मोडी वाचू लागे. आणि बहुतेकांची विद्या तेथेच संपे. पुढे शिकावयाचे तर घर सोडून दूर जावे लागे व परक्या भाषेत सारा अभ्यास नव्याने आरंभावा लागे. ज्यांच्या घरी चार पैसे होते त्यांना हे कसेबसे साधे. इतरांच्या मुलांची बुद्धी शेताच्या बांधावरच राही.

अशा मुलखात इ. स. १८६७ मध्ये केशवरावांचा जन्म झाला. त्यांचे गाव पुरजळ. ते वसमत तालुक्यात, तेव्हाच्या परभणी जिल्ह्यात होते. आता तो भाग हिंगोली जिल्ह्यात मोडतो. घराणे सामान्य स्थितीतील होते. शिक्षणाच्या शोधात केशवराव गुलबर्ग्यास गेले. परिश्रमपूर्वक त्यांनी वकिलीची परीक्षा दिली आणि तेथेच व्यवसायास प्रारंभ केला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत ते राजधानीत, म्हणजे हैदराबादेत, येऊन राहिले. तेथे त्यांची वकिली उत्तम चालली. नामांकित कायदेपंडितांत त्यांची गणना होऊ लागली, आणि पुढे संस्थानच्या हायकोर्टाचे न्यायमूर्तिपदही त्यांना लाभले.

इतकीच हकीकत असती, तर एका हुशार मुलाने नशीब काढले, एवढेच म्हणून आम्ही थांबलो असतो. ज्या वाटेने आपण वर आलो ती किती काट्यांची आहे, हे वर पोहोचलेला माणूस बहुधा विसरून जातो. केशवराव ते विसरले नाहीत. परक्या भाषेची भिंत त्यांनी स्वतः ओलांडली होती. परंतु ती ओलांडू न शकलेली मुले त्यांच्या डोळ्यांपुढून हलली नाहीत. वकील अशिलाचे वकीलपत्र घेतो व त्याची फी घेतो. या बोलू न शकणाऱ्या अशिलांचे वकीलपत्र केशवरावांनी आपण होऊन घेतले आणि फीही स्वतःच भरली, असे म्हणावयास हरकत नाही.

हैदराबादेत इ. स. १८९२ मध्ये आर्य समाजाची स्थापना झाली होती. केशवराव त्या समाजाचे एक प्रमुख आधारस्तंभ बनले. मुलींना शिक्षण द्यावे, जन्मावरून माणसाची योग्यता ठरवू नये, हे त्या समाजाचे विचार त्यांना मनापासून पटले होते. याच मंडळींत त्यांना एक समवयस्क सहकारी भेटला. ते म्हणजे श्रीपाद दामोदर सातवळेकर. योगायोग असा की, तेही १८६७ सालीच जन्मले होते. ते मूळचे सावंतवाडीकडील. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले हे चित्रकार हैदराबादेत चित्रे काढून व छायाचित्रे घेऊन चरितार्थ चालवीत, आणि उरलेला वेळ वेदाध्ययनात व लोकजागृतीत घालवीत. पुढे वेदांचे थोर भाष्यकार म्हणून ते भारतभर प्रसिद्धीस आले आणि शंभरी ओलांडून १९६८ साली निवर्तले. तिसरे सहकारी वामनराव नाईक. हे जहागीरदार असूनही सार्वजनिक कार्यासाठी सदैव पदरमोड करणारे होते. एक वकील, एक चित्रकार आणि एक जहागीरदार, अशा तिघांचा हा संगम होता.

वंगभंगानंतर साऱ्या देशात राष्ट्रीय शिक्षणाचे वारे वाहत होते. आपल्या मुलांना आपल्या भाषेत, आपल्या इतिहासाची ओळख करून देणारे व स्वावलंबन शिकविणारे शिक्षण द्यावे, असा त्या चळवळीचा आग्रह होता. त्या प्रेरणेतून १९०६-०७ च्या सुमारास हैदराबादेत विवेक वर्धिनी शाळेचा जन्म झाला. त्याच सुमारास गुलबर्ग्यातही नूतन विद्यालय निघाले. संस्थानातील मराठी मुलांसाठी ही दोन दारे एकदमच उघडली.

शाळा काढणे सोपे, चालविणे कठीण. सरकारी शाळेचा खर्च खजिन्यातून होतो. खाजगी शाळेला खजिना नसतो. घरभाडे, शिक्षकांचे वेतन, फळे, नकाशे, बाके, साऱ्यांसाठी दर महिन्याला पैसा उभा करावयाचा असतो. ज्या मुलाला फी देणे जड जाते त्याला वर्गाबाहेर काढले, तर संस्थेचा हेतूच बुडतो; त्याला वर्गात ठेवले, तर ती तूट कोणाला तरी भरून काढावी लागते. सेवाभावी संस्थेचा सारा कस या तुटीत लागतो. आरंभीच्या उत्साहात वर्गणी देणारे पुष्कळ मिळतात. पाचव्या आणि दहाव्या वर्षीही जो दारोदार जावयास लाजत नाही, त्याच्याच बळावर संस्था जगते. केशवरावांची प्रतिष्ठा, त्यांचा शब्द आणि त्यांचा पैसा या शाळेच्या पाठीशी वर्षानुवर्षे उभा राहिला.

पैशाहून मोठे संकट दुसरेच होते. राष्ट्रीय शिक्षण या शब्दाचीच राज्यकर्त्यांना धास्ती वाटे. सातवळेकरांच्या विचारांकडे सरकारची वक्रदृष्टी वळली आणि त्यांना हैदराबाद सोडावे लागले. पुढे १९०८ साली कोल्हापूरच्या ‘विश्ववृत्त’ मासिकातील त्यांच्या लेखावरून राजद्रोहाचा खटला झाला, आणि त्या मासिकाचे संपादक प्राध्यापक विष्णु गोविंद विजापूरकर यांना कारावास भोगावा लागला. याच विजापूरकरांनी १९०६ मध्ये समर्थ विद्यालय काढले होते. ते सरकारने १९१० मध्ये बंद पाडले. एका चांगल्या शाळेचा दिवा असा विझला.

विवेक वर्धिनीवरही तीच पाळी येणे अशक्य नव्हते. ज्या दरबारच्या न्यायालयात केशवरावांची उपजीविका होती, त्या दरबारची मर्जी जाण्याचा धोकाही त्यांना स्पष्ट दिसत होता. अशा वेळी अनेक जण हळूच बाजूला होतात. केशवराव बाजूला झाले नाहीत, आणि उतावळेपणाने शाळा पणालाही लावली नाही. आम्हास असे वाटते की, त्यांच्या वकिलीचा खरा कस येथे दिसला. कायद्याच्या मर्यादेत राहून जेवढे करता येईल तेवढे त्यांनी न भिता केले, आणि शाळा तगली.

शाळा बाल्यावस्थेत असतानाच शहरावर दुसरा घाला आला. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर आला. हजारो माणसे प्राणास मुकली आणि वस्त्याच्या वस्त्या वाहून गेल्या. ज्या शहरात लोकांना डोक्यावर छप्पर उरले नव्हते, तेथे शाळेसाठी वर्गणी मागणे किती अवघड झाले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. अशाही दिवसांतून संस्था पार पडली.

१९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठाची स्थापना झाली. एका भारतीय भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा तो प्रयोग निःसंशय मोठा होता. परंतु ती भाषा उर्दू असल्यामुळे मराठी, तेलुगू व कानडी मुलांच्या वाटेतील भिंत तशीच राहिली. म्हणून आरंभीची वर्षे तरी मातृभाषेत शिकविणाऱ्या शाळांचे महत्त्व उलट वाढलेच.

येथे एक प्रसंग सांगितल्यावाचून हे चरित्र प्रामाणिक होणार नाही. नोव्हेंबर १९२१ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या अध्यक्षतेखाली संस्थानातील सामाजिक परिषद विवेक वर्धिनीच्या सभागृहात भरली होती. तेथे एक तेलुगू वक्ते आपल्या मातृभाषेत बोलावयास उठले, तेव्हा श्रोत्यांतील काही जणांनी त्यांची टवाळी केली. मातृभाषेच्या अभिमानातून उभ्या राहिलेल्या वास्तूत दुसऱ्याच्या मातृभाषेची अशी अवहेलना व्हावी, ही खेदाची गोष्ट होती. दुखावलेल्या तेलुगू मंडळींनी त्याच रात्री एकत्र येऊन आपली स्वतंत्र संस्था स्थापन केली. तिने पुढे गावोगाव वाचनालये व शाळा काढण्याचे फार मोठे कार्य केले. त्या रात्रीच्या अपमानातून असे चांगले फळ आले, हे खरे. परंतु आपली भाषा आपल्याला जितकी प्रिय, तितकीच शेजाऱ्याची शेजाऱ्याला प्रिय असते, हा धडा त्या सभेतील चुकीतून आम्ही सर्वांनी घ्यावयास हवा.

पुढील काळात संस्थानात निर्बंध वाढत गेले. सभा भरविण्यास परवानगी लागे. खाजगी शाळा काढण्यासही सरकारची संमती आवश्यक ठरली. संस्थानच्या प्रजेला आपली राजकीय परिषद १९२३ मध्ये काकीनाडा येथे व १९२६ मध्ये मुंबईस, म्हणजे स्वतःच्या राज्याबाहेर, भरवावी लागली. अशा बंदिस्त हवेत विवेक वर्धिनीसारखी शाळा ही केवळ पाटी-पुस्तकांची जागा राहिली नाही. चार माणसांनी एकत्र यावे, विचार करावा, समाजाचे काम अंगावर घ्यावे, हे शिकण्याचीही ती जागा झाली.

इ. स. १९३२ मध्ये केशवराव कैलासवासी झाले. १९४० साली त्यांच्या स्मरणार्थ हैदराबादच्या नारायणगुडा भागात केशव मेमोरियल ही शाळा सुरू झाली. त्यांचे पुत्र विनायकराव विद्यालंकार हेही वडिलांप्रमाणेच कायदेपंडित व आर्य समाजाचे पुढारी होते. संस्थान १९४८ मध्ये भारतात विलीन झाल्यावर ते हैदराबाद राज्याचे मंत्री आणि नंतर लोकसभेचे सभासद झाले. १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना होऊन मराठवाडा वेगळा निघाला. तरी हैदराबादेत राहिलेल्या मराठी कुटुंबांसाठी व इतरही भाषिकांसाठी विवेक वर्धिनी चालूच राहिली आणि तिची महाविद्यालयेही निघाली. केशवरावांच्या नावाच्या संस्थेने २००७ मध्ये अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. धुळपाटीवर अक्षरे गिरविणाऱ्या पिढीतील एका माणसाच्या नावाने आज मुले संगणकविद्या शिकत आहेत.

या चरित्रातून आम्ही काय घ्यावे? केशवरावांइतकी कीर्ती किंवा अधिकार प्रत्येकाच्या वाट्याला येईल असे नाही. परंतु त्यांच्या कार्याचे मूळ अधिकारात नव्हते. आपण पार केलेली वाट मागून येणाऱ्यासाठी सोपी करण्याच्या इच्छेत होते. ती इच्छा बाळगण्यास न्यायमूर्ती व्हावे लागत नाही. वरच्या वर्गात गेल्यावर आपली पुस्तके नीट ठेवून खालच्या वर्गातील गरजू मुलाला देणे, गणितात मागे पडणाऱ्या सोबत्याला रोज अर्धा तास शिकविणे, शिकून मिळवते झाल्यावर आपल्या शाळेला न विसरणे, हे तर कोणालाही करता येईल. संस्था एकदाच स्थापन होते असे आपण मानतो. वस्तुतः प्रत्येक पिढीला ती पुन्हा स्थापन करावी लागते. केशवरावांनी घेतलेले वकीलपत्र अद्याप संपलेले नाही. ते आता आमच्या हाती आहे.