ऑर्गनवाले विलिस
भजनी मंडळात पेटी वाजवताना एका हातानं भाता, दुसऱ्यानं पट्ट्या, मधेच खुंटी ओढायची झाली की माझी तारांबळ! म्हणून हेन्री विलिस मला फार जवळचे वाटतात. १८२१चा जन्म. १४व्या वर्षी हा मुलगा लंडनमध्ये ऑर्गन बनवणाऱ्याकडे शिकाऊ राहिला. १८४७मध्ये ग्लॉस्टर कॅथेड्रलचा ऑर्गन नव्यानं बांधला, ४०० पौंड मिळाले आणि पठ्ठ्यानं त्या भरवशावर लग्नच केलं! १८५१च्या लंडन प्रदर्शनात त्यांच्या ऑर्गनला पट्ट्यांजवळच अंगठ्यानं दाबायची बटणं होती. नळ्यांचा संच बदलायला हात उचलायलाच नको. मग लिव्हरपूल, अल्बर्ट हॉल, सेंट पॉल्स. एवढा व्याप, तरी रविवारी चर्चमध्ये स्वतः वाजवायला बसत. १९०१मध्ये गेले.